वरचे तीस ग्रॅम

कारखान्यात नवा काटा आला त्या दिवशी
मालकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं
आणि मला म्हणाले,
आजपासून लिटर बंद. सगळं किलोवर.

कारखाना म्हणजे मंगळवार तळ्यामागं
पत्र्याची एक लांबट खोली.
तीन कढया, चौथीला भोक आहे.
हिशेबाला मी, बी. कॉम.,
अंगाला कायम खव्याचा वास.
पोवई नाक्यावर रिक्षात बसले
की शेजारची बाई विचारते, पेढे घेतले का?

वहीत जुन्या शाईत होतं:
दूध चाळीस लिटर, साखर अडीच किलो,
वेलची तातोबाच्या चिमटीनं.
मी लिटर खोडलं, किलो लिहिलं.
चाळीसचे चाळीस.
दूध म्हणजे बहुतेक पाणीच,
आणि पाण्याचं लिटरला किलो,
हे तर सातवीतच पाठ झालेलं.

तातोबा आखाडे जावळीतले.
छत्तीस वर्षं एकच उलथनं, दांडा तेवढा तिसरा.
घाण उतरला, त्यांनी तळहातावर कणभर घेतलं,
जिभेला लावलं,
भिंतीकडं बघत राहिले.
मग म्हणाले, पोरी, दूध कुठं गेलं?

कुठं जाणार?
काट्यावर लाल आकडे होते, मी स्वतः पाहिलेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी ते जुनं पितळी माप काढलं.
रिकामं ठेवलं, काटा शून्यावर आणला,
काठोकाठ दूध ओतलं.
नऊशे चौसष्ट.
मग लक्षात आलं, वर फेस आहे.
फेस जागा अडवतो, त्याला वजन म्हणावं असं नसतं.
अशी माणसं आमच्या पतसंस्थेत बरीच आहेत.
फेस बसेपर्यंत थांबले, कमी पडलं ते भरलं.
एक हजार तीस.

पुन्हा केलं. एक हजार एकतीस.
नळाचं पाणी केलं: हजारला दोन कमी.
मग साय काढलेलं दूध होतं थोडं, तेही मोजलं.
ते हलकं भरेल म्हणून.
एक हजार पस्तीस.
साय काढली की दूध जड होतं.
मी काट्याजवळ खाली बसले.
आई रोज साय काढायची,
तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

चाळीस तिसा बाराशे.
एवढं दूध मी एका खोडण्यात सांडलं होतं
आणि तातोबांच्या जिभेनं ते
काट्याशिवाय मोजलं होतं.

वहीत दुरुस्त केलं: दूध एक्केचाळीस किलो दोनशे.
मालक म्हणाले, हे वरचं दोनशे कशाला, गोल कर की.
म्हटलं, तातोबांना विचारा.
त्यांनी विचारलं नाही.

पण दर राहिला.
लिटरला साठ होता, तो त्यांनी
किलोला साठ करून टाकला, एकच तर आहे म्हणून.
परळीच्या इंदुबाई शेलार
सकाळच्या एसटीनं दोन कॅन आणतात.
मापानं वीस लिटर भरायचं,
काट्यावर वीस किलो सहाशे.
दिवसाला छत्तीस रुपये जास्त.
त्यांना वाटलं, काटा बिघडलाय.
दोनदा म्हणाल्या, बाई, नीट बघा,
फुकटचं नको आम्हाला.

त्या माप घालायच्या तेव्हा
प्रत्येक मापामागं एक धार वर सोडायच्या.
अशीच, मनगट वळवून. कुणी मागितली नव्हती.
कुठल्याच वहीत ती नाही.
आता काट्यापाशी
कॅन रिकामा झाला तरी
त्यांचं मनगट एकदा वळतं
आणि थांबतं.

मी म्हटलं, काटा बरोबर आहे.

आज अकरावा दिवस.
महिनाअखेरीला मालक बेरीज बघतील,
बोलतील, बोलू देत.
घाण लागलाय. तातोबांनी बोट पुढं केलंय,
वेलची कुटायची राहिलीय माझी.