चारशे पावलं

लिकोनीच्या फेरीबोटीवर शिट्टी फुंकून
गाड्या ओळीत लावायचा अथुमानी.
आता शिट्टी नाही. आता कावळे त्याच्याशी बोलतात,
भरतीला मोठ्यानं, ओहोटीला कुजबुजत.

मनोरुग्ण विभागाच्या खिडकीवर म्हणाले,
आधी पुडी सोड, मग ये.
व्यसनमुक्तीच्या दारात म्हणाले,
आधी ते आवाज थांबव, मग ये.
दोन्हींमधलं अंतर चारशे पावलं. मी मोजलंय.
मध्ये एक गोरखचिंच, तिच्या सावलीत
शहाळीवाला, आणि पुड्या विकणारा पोरगा.
तिसरं दार तेवढं सताड उघडं.

मी म्वानाकोम्बो, मेथाडोनच्या खिडकीमागची नर्स.
सकाळी सातपासून पेल्यात औषध मोजते,
गिळलं की म्हणते, नाव सांग.
बोलला म्हणजे तोंडात काही दडवलेलं नाही.
तो एकदा म्हणाला, "कुणाचं? माझं, की त्यांचं?"
रांग हसली.
मी हसले नाही, असं लिहायला आवडलं असतं.

त्या दुपारी दोन्हीकडच्या फायली मागवल्या.
एकीत तो 'सूचना न पाळणारा',
दुसरीत 'नशेत, तपासणी अशक्य'.
वय दोन्हीत वेगळं. आईचं नाव एकीतच.
टेबलावर मासळीच्या पुड्याची सुतळी पडली होती,
तिनंच बांधल्या दोन्ही एकत्र.
गाठ बसली. वासही बसला.

मोठ्या डॉक्टरांनी नाक मुरडलं,
"हे कुठल्या विभागाचं?"
"अथुमानीचं," म्हटलं मी, आणि कान तापले.

आता मंगळवारी एकाच खोलीत
आवाजांची गोळी आणि पेला, एकाच ट्रेत.
दोन डॉक्टर, एक पंखा, एक खुर्ची कमी.
तीन मंगळवार आला. चौथ्याला नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
पाचव्याला आला, शर्ट उलटा, हात थरथरत.
पुडी घेतली म्हणाला.
आणि म्हणाला, घेतली तेवढा वेळ
कावळे गप्प होते.

कुणी ओरडलं नाही.
मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं,
विचारलं, "किती वेळ?"
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
तो बोटं मोजत बसला.

निघताना पेला रिकामा करून खिडकीशी थांबला.
नाव सांग, मी म्हटलं.
"अथुमानी म्वाचिरो."
तेवढ्यात पत्र्यावर कावळा ओरडला. त्यानं वर पाहिलं.
मीही.
"काय म्हणतोय?" मी हळूच विचारलं.

"तो?" अथुमानी म्हणाला,
"तो खरा कावळा आहे, सिस्टर.
नुसती कावकाव करतोय."