केपें, खिडकी क्रमांक चार

ओळ बदलली की ट्रिगर उठतो.
एका हातात जुनी ओळ, दुसऱ्यात नवी.
मी त्याला शिकवलं : रकाना रकाना ताडून बघ,
वेगळं दिसलं तरच लिही.

आग्नेल दिवसाला शंभर ओळी जतन करतो
काहीच न बदलता,
समोरचा चहाचा पेला उगाच सरकवावा तसा.
ट्रिगर उठतो, बघतो, परत निजतो.
फुर्तादोचा फुर्ताडो झाला तेव्हा मात्र लगेच ओरडला.
मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी मोगी वेळीप आली.
पिशवीत निकालाची प्रत,
तिला काजूच्या बोंडांचा वास.
कुळाचा रकाना एकतीस वर्षं रिता.
आग्नेलनं नाव घातलं, जतन केलं.
नोंदवहीत एक अक्षर नाही.

रितं आणि मोगी, वेगळे का?
यंत्र हो म्हणेना.
सारखे का?
तेही म्हणेना.
नलपुढं काहीही ठेवा, ते खांदे उडवतं,
रजेवरून परतलेल्या साहेबासारखं.

अट दुरुस्त केली : आधी विचार, तिथं कुणी होतं का.
पण तपासायचं तर नाव एकदा पुसायला हवं.
आग्नेलनं पुसलं.
अर्धा मिनिट ती परत कुणाचीच कूळ नव्हती;
काचेपलीकडून बघत राहिली.

३:४२. जुनं : — नवं : मोगी वेळीप.

"जालें मू, पुता?"
मग त्या आडव्या रेघेवर बोट ठेवून,
मला नाही, काचेलाच म्हणाली,
"थंयूय हांवूच."