पापुद्रा

दोनशे चौदाव्या फेरीला सेल मेला.
आवाज नाही, धूर नाही.
पडद्यावरची रेघ नुसती वर गेली
आणि उतरायची विसरली.

आर्गॉनच्या पेटीत हात घातले,
काळ्या रबरी हातमोज्यांत खांद्यापर्यंत,
चिमट्याने नाण्याएवढी डबी उघडली.
मॅग्नेशियम राखाडी पडलेलं.
कुठून तरी ओल शिरली होती,
दहा लाखांत वीस कण. तेवढी पुरते.

रविवारी ती चकती खिशात घालून
ओडवारकडे गेले. माझा बाप.
हेरॉयाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
हाच धातू ओतत होता.
कारखाना बंद झाला तेव्हा मी तिसरीत होते.
आता वृद्धाश्रमात, फ्योर्डकडे पाठ करून बसतो.

वितळलेल्याजवळ पाणी न्यायचं नाही,
हे मी बोलायला लागले त्याआधीपासून सांगत आलाय.
एकदा हेल्गेच्या बुटात बर्फ राहिला होता.
पुढचं तो सांगत नाही.
कॉफी ढवळतो.

त्याने चकती उजेडात धरली, नख लावून पाहिलं.
"पापुद्रा धरलाय. चांगला आहे.
खरवडू नकोस. ह्याच्याच जिवावर धातू टिकतो,
नाहीतर हवेनेच खाल्ला असता."

टिकतो, मी म्हटलं, पण कामाचा राहत नाही.
लिथियमच्या कातडीतून कण ये-जा करतात.
ह्याचे दुहेरी भाराचे,
दारातच अडतात.
आत धातू धडधाकट,
आणि बॅटरी मेलेली.

तो बराच वेळ गप्प.
"म्हणजे तुला भिंत हवीय, पण दाराची."
"हो."
"आम्हाला नुसती भिंत पुरायची."

सोमवारी नवी चकती घेतली,
घासून घासून लख्ख केली,
वर बिस्मथचा थर दिला, केसाहून कितीतरी पातळ.
बिस्मथ फुगतो, मग भेगाळतो,
इंगेबॉर्गने बजावलं. मलाही ठाऊक आहे.
म्हणून थोडं कथिल घातलं.
किती, ते अजून अंदाजानेच.

आज दोनशे एकतीस.
रेघ वर जाते, खाली येते,
जिन्यात धाप लागलेल्या माणसासारखी,
पण येते.

मघाशी ओडवारचा फोन आला.
आकडा विचारला.
मग विचारलं,
बूट कोरडे आहेत ना.