मुठीचं माप

पाचवा संपून सहावा लागला
आणि मैनीनं घरातल्या सगळ्या कडा चाखायला काढल्या:
माझा पदर, गोधडीचा काठ, डब्याचं झाकण.
बापाच्या दुपट्ट्याचं टोक तर चघळून चघळून
वातीसारखं करून टाकलं.
हनुवटीखाली लाळेचं पुरळ, रात्रभर किरकिर.
सासूबाईंनी खारकेला दोरा बांधला.
आशाताई म्हणाली, खारीक नका देऊ वो, घशात जाते,
बाजारातून चावणं आणा एखादं,
सबंध एका तुकड्याचं,
रंग सुटणारं नको, आत पाणी असलेलं तर नकोच.

बुधवारच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगांपलीकडे
अन्वरभाईच्या दोरीवर टांगलेली होती चावणी.
द्राक्षांचा घोस, गुलाबी मासा, घुंगराचा हत्ती,
आणि एक लांब मानेचा जिराफ.
मी जिराफ उचलला. मला आवडला तो,
त्याच्या डोळ्यांना पापण्या होत्या.

वासुदेव काही बोलला नाही.
एकेक चावणं उजव्या हातात घेऊन पाहू लागला.
उजव्या.
जिनिंगच्या पट्ट्यानं अंगठा नेला तेव्हापासून
तो हात बाजारात खिशातूनच चालायचा.
पैसे डाव्यानं, पिशवी डाव्यानं,
रामराम म्हणायचा तर नुसत्या मानेनं.

आता भर बाजारात त्यानं चार बोटं उघडली,
मिटली,
आणि डोळेही मिटले.
जाडजूड कडं निसटून ताडपत्रीवर पडलं.
मासा बुळबुळीत, गरकन फिरला.
हत्ती जड, मनगटच खाली गेलं.
“काहून गा, तुले दात येऊन राह्यले का?”
अन्वरभाई हसला, मग त्याची नजर हाताकडे गेली
आणि तो उगाच घोस सारखे करू लागला.

माझा जिराफही पडला. मानेवर पकडला तरी पडला.

“तिचा अंगठा निजून हाये अजून,”
वासुदेव मला म्हणाला, डोळे न उघडता.
“चार बोटांनी ओढते अन् तळव्यात दाबते.
मी चहाचा गिलास धरतो ना, तसंच.
तू पाह्यलंच नाही का?”

नव्हतं पाहिलं.
नखं पाहिली होती, रंग पाहिला होता,
नाक कोणावर गेलंय यावर दोन घरांत भांडण झालं होतं.
अंगठा राहून गेला.

शेवटी तळाशी सापडलं एक कडं,
भिजल्या मुगाच्या रंगाचं, कोणी वळून पाहणार नाही असं.
बारीक, थोडं चपटं, अंगावर बोंडाएवढे उंचवटे,
मधलं भोक ऐसपैस.
त्याच्या चार बोटांत ते राहिलं.
हलवलं, राहिलं. उलटं केलं, राहिलं.
तीसचे पंचवीस केले मी, सवयीनं.

घरी उकळत्या पाण्यातून काढून तिच्यापुढे धरलं.
पहिल्यांदा स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं तिनं,
दुसऱ्यांदा कानाला लागलं,
मग सापडलं तोंड.
अंगठा खरंच बाजूला पडून होता,
पंगतीत झोपी गेलेल्या पोरासारखा.
बाप समोर मांडी घालून बसला होता,
दोन्ही हात मांडीवर उघडे.

पुढं दोन खालचे आले, मग वरचे.
भुईमूग वाळत घातला होता त्या दुपारी
मैनी रांगत अंगणात गेली, थांबली,
आणि मातीतलं एक टरफल
अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून
उचललं तिनं. सरळ. एका झटक्यात.
मी धावले, तोंडात जाण्याआधी काढून घेतलं.
वासुदेव जागचा हलला नाही.
“गेली बाप्पा पुढं,” एवढंच म्हणाला.

हिरवं कडं आता त्याच्या सायकलच्या किल्लीला आहे.
नुसती किल्ली हातातून निसटायची, म्हणतो,
ही निसटत नाही.