जावक क्रमांक

धाकू मसुरकर कधीच महापौर झाले नाहीत.
हे आधीच सांगते, कारण अख्खा घोडपदेव
त्यांना महापौरच म्हणायचा
आणि ते 'ओ' द्यायचे.

मी त्यांची टायपिस्ट. गोदरेजच्या जुन्या मशीनवर
सव्वीस वर्षं पत्रं बडवली.
प्रति, सहायक अभियंता, जलकामे,
आमच्या विभागात पाणी येते पहाटे पावणेचारला
आणि हवा येते साडेपाचपर्यंत.
'हवा' त्यांचा शब्द. मी खोडला होता.
त्यांनी पुन्हा घालायला लावला.

जांभळा कोट, बँडवाल्यांच्या शिंप्याकडून शिवलेला,
बिल्ले वजा करून.
गळ्यात पितळेची साखळी, भुलेश्वरला वजनावर घेतलेली,
कारण सभागृहात खऱ्या महापौरांच्या गळ्यातली
त्यांनी पहिल्याच दिवशी डोळ्यांनी मोजून ठेवली होती.
फीत कापायची कात्री स्वतःची, कोटाच्या आतल्या खिशात.
मुतारीचं उद्घाटनसुद्धा सनई लावून केलं.
लोक हसले.
मग रांगेत उभे राहिले.

पैसे खाल्ले का?
अजून विचारतात मला.
बाकडी चाळीस मंजूर झाली, एकतीस आली,
मी दोन्ही आकडे टाइप केलेत.
आणि तिसऱ्या गल्लीतल्या शेवंताच्या डायलिसिसचं बिल
कुणाच्या खिशातून गेलं, तेही मला माहीत आहे.
बेरीज तुम्ही करा.
माझं काम टायपिंगचं.

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला त्या वर्षी
त्यांनी तीन दिवस दाढी केली नाही.
चौथ्या दिवशी फॉर्मवर नाव घातलं
सौ. इंदुमती धाकू मसुरकर.
'सही तिची, डोकं माझं,' म्हणाले,
आणि प्रेक्षकांच्या सज्जात बसून
वरून हातवारे करत राहिले पाच वर्षं.
बाईंनी एकदाही वर पाहिलं नाही.

दोन वर्षं त्या गप्प. मग एका बुधवारी उठल्या.
बायकांच्या संडासात दिवा नाही.
कधी लावणार, तारीख सांगा.
महापौरांनी, खऱ्या, घंटा वाजवली. बाई उभ्या.
चहाची सुट्टी झाली. बाई उभ्या.
रिकाम्या सभागृहात एकट्या, हातात पर्स धरून,
आणि वर सज्जात हे, हातवारे थांबलेले.
तारीख मिळाली तेव्हा बसल्या.

दिवा लागला त्या रात्री धाकूशेठ माझ्याकडे आले.
'आपल्या प्रयत्नांना यश, असं एक पत्रक काढ. माझ्या नावाने.'
मी कागद चढवला.
बराच वेळ त्यांना पुढचं वाक्य सुचेना.
मग म्हणाले, 'राहू दे, कुंदा. काढ तो.'
तो कोरा कागदही मी फायलीला लावला,
जावक क्रमांक टाकून.

त्यानंतर दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा अकरा मतांनी पडले.
अकराही जणांची नावं त्यांना पाठ होती,
निदान ते तसं म्हणायचे,
आणि त्या प्रत्येकाच्या घरच्या कार्याला
पहिल्या पंगतीत जेवून आले, जांभळ्या कोटात,
जिलबी दोनदा मागून.

गेले ते पहाटे, पावणेचारला.
खाली हंडे लागलेले. हाक ऐकूनही
कुणी लगेच वर आलं नाही.
बाईंनीही आधी पिंप भरलं,
मग त्यांच्या तोंडात त्याच पाण्याचे दोन थेंब घातले
आणि रडायला बसल्या.

साखळी आता गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला आहे,
कुलूप लावून. पोरं आत डोकावतात म्हणून.

चौकाला त्यांचं नाव द्यावं, हा अर्ज मीच टाइप केला.
चौदा महिन्यांनी उत्तर आलं:
सदर ठिकाणी तीनच रस्ते मिळतात,
सबब तो चौक नाही.

तिठ्यावरच्या बाकड्यावर बाई ते पत्र दोनदा वाचत बसल्या.
बाकड्यावरचं नाव झिजून
'कू मसुर' एवढंच उरलंय.
'मग चौथा रस्ता मागू,' म्हणाल्या.

मी घरी आले, कागद चढवला.
प्रति,