पातळ करून पाहा

लिसांद्रो ओयार्सून, वय एक्केचाळीस,
वाल्पाराइसोत बसच्या पाट्या रंगवतो.
महिनाभर त्याचा 'ओ' मिटत नाहीये,
शेवटचा फटकारा सुरुवातीला चुकवून
पुढे निघून जातो.
डाव्या डोळ्यात, म्हणाला,
ब्रश धुतलेलं पाणी ओतलंय कुणीतरी.

कागदावर एचआयव्ही, नऊ वर्षांचा जुना.
गोळ्या नेमाने. विषाणू मोजणीत सापडत नाही.
मग डोळ्यात शिरलं कोण?
कुणी क्षय म्हणालं, कुणी नागीण.
तळपायांच्या खपल्यांना आधीच
सोरायसिसचं मलम मिळालेलं.
पहिली जखम झालीच नव्हती,
किंवा झाली
तिथे त्याची नजर पोचत नव्हती.

मी तळमजल्यावर, रात्रपाळीला.
पांढरं कार्ड, त्यावर त्याच्या रक्ताचं पिवळसर पाणी,
त्यात कोळशाची पूड.
आठ मिनिटं डोलवायचं.
कण एकत्र आले तर उपदंश.
पूड करडीच राहिली, सपाट,
कडेला जराशी खरबरीत.
ते मी पाहिलं होतं.
पाहिलं आणि लिहिलं: नाही.
दुसऱ्यांदाही: नाही.

पहाटे डॉक्टर यास्ना वुकासोविच जिना उतरून आल्या,
हातात अर्धा खाल्लेला पाव.
"पातळ करून पाहा," म्हणाल्या,
आणि उभ्याच राहिल्या.

सोळापट मिठाचं पाणी.
एकदोन कण एकमेकांना ओळखू लागले.
चौसष्टपट.
दोनशे छप्पन्नपट,
आणि कार्डभर काळे पुंजके,
लख्ख, निर्लज्ज.

अति तेथे माती.
इतकी प्रतिद्रव्यं होती त्याच्या रक्तात
की कुणाचाच हात कुणाच्या हाती लागेना.
अख्खा मासळीबाजार एकदम बोलत होता
आणि मी नोंद केली: शांतता.

यास्नाबाई मला काही बोलल्या नाहीत.
पाव संपवला. कण्यातलं पाणी काढायला वर गेल्या.

चौदा दिवस, दर चार तासांनी पेनिसिलिन.
उजवा डोळा परतला. डावा निम्मा.

काल त्याने आमच्या दारासाठी पाटी आणली,
लाबोरातोरिओ,
निळ्यावर पिवळं, पैसे नकोत म्हणाला.
तीन 'ओ'. दोन मिटलेले.
तिसऱ्यात वारा जाईल एवढी फट.

तो स्टुलावर चढून खिळा ठोकत होता.
स्टूल धरून ओविदियो, सहा वर्षांचा सोबती,
ज्याला तीनदा चिठ्ठी पाठवली
आणि जो तपासणीला अजून आलेला नाही,
मान वर करून म्हणाला,
ठीक आहे. इथून तर
सगळं ठीक दिसतंय.