मागची सीट

आधी मागची सीट काढायची.
चार बोल्ट. तीन निमूट येतात,
चौथा हटून बसतो, नेहमी तोच, उजव्या चाकाजवळचा.
त्याच्यावर तेल सोडायचं आणि कॉफी पिऊन यायचं.
सीट उचलली की खाली सापडतं एक अख्खं घर:
पेन्सिलीची टोकं, केसांचा चाप, ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या,
पार्किंगच्या दंडाची पावती, एका पायाचा लोकरी मोजा
इतका लहान, की माझ्या अंगठ्यालाच बसावा.
आम्ही ते पिशवीत भरून गाडी विकणाऱ्याला परत देतो.
बाकीचं टाकून द्या म्हणतात. मोजा खिशात घालतात.

कौहायोकीच्या बाहेर, ओटच्या शेतांच्या कडेला
आमची पत्र्याची शेड.
इथे गाड्या येतात त्या पोराबाळांच्या, सुट्टीच्या, किराण्याच्या,
आणि जातात काळ्या होऊन.
मधोमध कापतो आम्ही त्यांना.
खडूची रेघ, मग ग्राइंडर, ठिणग्यांचा झोत,
आणि गाडी दोन तुकड्यांत उभी राहते
अबोला धरलेल्या नवराबायकोसारखी,
मध्ये नव्वद सेंटिमीटर हवा.
त्या हवेला पत्रा लावायचा, एवढंच आमचं काम.

मी शिवण बघते. पडदे, गादी, छताचं कापड.
छताला सुरकुती चालत नाही.
“वर कोण बघणार आहे?” नवी पोरं विचारतात.
ताउनो म्हणायचा, “मी बघतो ना.”

कारण माप ताउनोचं होतं.
एक मीटर त्र्याण्णव, बूट काढून.
रोलर बसले की तो कोट घडी करून ठेवायचा,
पाठीवर सरकत आत जायचा, हात पोटावर,
आणि आम्ही शेडभोवती एक चक्कर मारायचो,
खड्ड्यांतून, मुद्दाम.
बाहेर येऊन अहवाल:
डावीकडे काहीतरी कुरकुरतंय.
पायांशी वारा लागतो.
एकदा म्हणाला, डोळा लागला होता, अजून एक चक्कर मारा.

काढलेल्या सीटा आम्ही टाकत नाही.
भिंतीलगत मांडल्यात, अकरा.
दुपारी त्यांवर बसून राईची भाकरी खातो,
एखाद्या लांबलचक गाडीत मागे बसल्यासारखे,
आणि पुढे चालवणारं कुणी नाही.
सीटबेल्ट तसेच लोंबतात.
एर्क्कीला लहर आली की तो पट्टा लावून जेवतो.
बारावी होती, ती कुणी मासेमारीच्या झोपडीसाठी नेली.
एकीवर अजून चिकटलंय घोड्याचं स्टिकर,
शेपूट नखाने खरवडलेलं.

ताउनो गेला तेव्हा मार्च होता, बर्फ सैल झालेलं.
गाडी आली ती आमचीच, सोळा सालची,
मी ओळखली पडद्याच्या चुण्यांवरून.
सगळे तिच्यामागून चालत होते,
राइली, त्याची बायको, मान ताठ ठेवून,
पास्टरबाई काहीतरी पुटपुटत,
आणि मी ऐकत होते दुसरंच.
चर्चच्या वळणावर, जिथे रस्ता मोडलाय,
श्वास धरला मी.
कुरकुरली. डावीकडे.
जरा हळू, पण कुरकुरलीच.
कुणाला सांगणार?
सांगायचं ज्याने, तो आत होता.

सोमवारी एर्क्कीने बर्चची पट्टी कापली,
एक मीटर त्र्याण्णव.
आता तीच आत घालून बघतो आम्ही.
पट्टी बसते. पट्टीला वारा लागत नाही.

म्हणून परवा, सगळे गेल्यावर,
मी बूट काढले.
एक मीटर एकसष्ट; पायांशी केवढी जागा उरली,
एखादं पोर सहज मावलं असतं.
हात पोटावर ठेवले, मग बाजूला घेतले, मग पुन्हा पोटावर.
वर पाहिलं.
उजव्या कोपऱ्यात, जिथे टाका संपतो,
बोटभर सुरकुती.

तशीच पडून राहिले थोडा वेळ.
मग सरकत बाहेर आले
आणि सुई शोधू लागले.